विश्लेषण : खराब मालाची खरी किंमत किती? ती मोजायला शिकवणारे डेमिंग कोण होते?

भंगारात गेलेला माल हा खराब दर्जाच्या खर्चाचा केवळ दिसणारा भाग असतो. फेरकाम, तपासणी, वॉरंटी आणि कायमचा दुरावलेला ग्राहक यांचा हिशेब त्याहून मोठा असतो. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी हे आयुष्यभर सांगितले. जपानने ते १९५० मध्ये ऐकले, तर त्यांच्या मायदेशाला, अमेरिकेला ते ऐकायला आणखी ३० वर्षे लागली.

बहुतेक कारखान्यांत नाकारलेले सुटे भाग टाकण्यासाठी लाल रंगाची पेटी असते. महिनाअखेरीस त्या पेटीतल्या भागांची मोजदाद होते, रिजेक्शनचा टक्का निघतो आणि बैठकीत सुपरवायझरला जाब विचारला जातो. पुढच्या महिन्यात टक्का थोडा खाली येतो, त्यानंतर पुन्हा वर जातो. हे चक्र वर्षानुवर्षे चालते, कारण पेटीत पडलेला भाग हा रोगाचे लक्षण असतो आणि रोग दुसरीकडेच असतो. तो कुठे असतो आणि त्याची किंमत कोण मोजते, हा डेमिंग यांच्या कामाचा गाभा होता.

डेमिंग यांची जडणघडण कशी झाली?

विल्यम एडवर्ड्स डेमिंग यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९०० रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात सू सिटी येथे झाला. ते लहान असतानाच कुटुंब वायोमिंग राज्यात गेले. तेथे पॉवेल या नव्याने वसणाऱ्या गावात वडिलांना ४० एकर जमीन मिळाली होती. जमिनीतून फारसे काही पिकत नव्हते. डांबरी कागदाने मढवलेल्या झोपडीवजा घरात या कुटुंबाने काही वर्षे काढली. आई संगीताच्या शिकवण्या घेई आणि एडवर्ड शाळेबाहेरच्या वेळेत मिळेल ते काम करून घरखर्चाला हातभार लावत असे. काहीही वाया घालवू नये ही सवय याच काळात लागली आणि ती शेवटपर्यंत टिकली.

वायोमिंग विद्यापीठातून १९२१ मध्ये त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. त्यानंतर कोलोरॅडो विद्यापीठातून गणित व भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी आणि १९२८ मध्ये येल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. म्हणजे शिक्षण अभियंत्याचे आणि भौतिकशास्त्रज्ञाचे. व्यवस्थापन त्यांनी वर्गात कधी शिकले नाही. ते त्यांना भेटले कारखान्यात.

हॉथॉर्न कारखान्यात त्यांना काय दिसले?

येलमध्ये शिकत असताना १९२५ आणि १९२६ च्या उन्हाळ्यात डेमिंग यांनी शिकागोजवळच्या हॉथॉर्न वर्क्समध्ये काम केले. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या या अवाढव्य कारखान्यात टेलिफोनची उपकरणे बनत आणि तेथे ४० हजारांहून अधिक लोक काम करत. त्या काळी दर्जा सांभाळण्याची रीत सरळ होती. आधी माल बनवायचा, मग तपासनिसांची फौज लावून वाईट माल बाजूला काढायचा. वाईट माल बनवण्याचे पैसे आधीच खर्च झालेले असत, तो शोधण्याचे पैसे वेगळे जात. दुरुस्त करायचा झाल्यास तिसऱ्यांदा खर्च होई.

याच कंपनीतले भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर शुहार्ट यांनी मे १९२४ मध्ये आपल्या वरिष्ठांना एक पानाचे टिपण दिले होते. त्यात एक साधी आकृती होती. तीच आज जगभरातल्या शॉपफ्लोअरवर दिसणारा कंट्रोल चार्ट. दर तासाला काही भाग मोजायचे, त्यांची सरासरी कागदावर ठिपक्याने नोंदवायची आणि आकडेमोडीने काढलेल्या वरच्या व खालच्या मर्यादेत ठिपके राहतात का ते पाहायचे.

शुहार्ट यांचे म्हणणे असे, की कोणत्याही यंत्रावर बनलेले दोन भाग अगदी सारखे नसतात. यातला काही फरक त्या व्यवस्थेतच मुरलेला असतो. कच्चा माल, यंत्राची झीज, खोलीचे तापमान, कामाची पद्धत अशा अनेक लहान कारणांची ती बेरीज असते. काही फरक मात्र विशिष्ट कारणाने येतो. उदाहरणार्थ, टूल तुटले किंवा पोलादाची वेगळीच खेप आली. चार्ट या दोन्हींतला भेद दाखवतो. तो न कळल्यास दोन प्रकारच्या चुका होतात आणि दोन्हींना पैसे पडतात. तुटलेले टूल तसेच चालू राहिले तर माल खराब होत राहतो. उलट, नेहमीच्या चढउताराला घाबरून ऑपरेटरने प्रत्येक भागानंतर यंत्राचे सेटिंग हलवले तर फरक कमी होण्याऐवजी वाढतो.

शुहार्ट यांनी १९३१ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याच्या नावातच दर्जाच्या आर्थिक नियंत्रणाचा उल्लेख होता. दर्जा हा पैशांचाही प्रश्न आहे, हे सूत्र तेथून सुरू होते. डेमिंग आणि शुहार्ट यांची भेट १९२७ मध्ये झाली. त्या वेळी डेमिंग अमेरिकी कृषी खात्यात नोकरीला लागले होते. पुढे शुहार्ट यांची त्या खात्यात व्याख्याने झाली आणि डेमिंग यांनी ती संपादित करून १९३९ मध्ये पुस्तकरूपाने आणली.

कारखान्याबाहेर हे तंत्र कसे वापरले?

१९४० च्या अमेरिकी जनगणनेच्या कामात डेमिंग जनगणना विभागात दाखल झाले. त्या जनगणनेत प्रथमच नमुना पद्धत वापरली गेली. काही जादा प्रश्न सर्वांना न विचारता दर २० जणांमागे एकाला विचारण्यात आले.

दुसरा बदल कार्यालयाच्या आत झाला. जनगणनेची माहिती तेव्हा छिद्रे पाडलेल्या कार्डांवर नोंदवली जाई. एका कर्मचाऱ्याने कार्ड पंच करायचे आणि दुसऱ्याने तेच काम पुन्हा करून ते तपासायचे, अशी पद्धत होती. म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे. डेमिंग यांनी तेथे शुहार्ट यांचा विचार लावला. ज्या कर्मचाऱ्याच्या चुका सातत्याने कमी आहेत, त्याची सगळी कार्डे न तपासता केवळ नमुना तपासायचा. ज्याच्या चुका मर्यादेबाहेर जातात, त्याच्या कामाकडे लक्ष द्यायचे. तपासणीचा खर्च घटला आणि काम वेगाने पुढे सरकले. खराब दर्जाचा खर्च केवळ लोखंडाच्या भागांपुरता नसतो, सरकारी कचेरीतल्या कागदालाही तो लागू होतो, हे यातून दिसले.

युद्ध संपल्यावर अमेरिकेने पाठ का फिरवली?

दुसऱ्या महायुद्धात शस्त्रास्त्र कारखान्यांना मोठ्या प्रमाणावर आणि भरवशाचा माल हवा होता. डेमिंग यांच्या पुढाकाराने १९४२ पासून संख्याशास्त्रीय दर्जा नियंत्रणाचे अभ्यासक्रम सुरू झाले आणि ३० हजारांहून अधिक लोक त्यातून शिकले. कारखान्यांच्या भिंतींवर चार्ट लागले.

युद्ध संपले आणि चार्ट हळूहळू उतरले. त्या वेळी युरोप व जपानचे कारखाने उद्ध्वस्त झाले होते. अमेरिकी कंपन्या जे बनवतील ते जगात विकले जात होते. मागणी एवढी असताना थोडा माल भंगारात गेला तरी कोणाला चिंता नव्हती. तो खर्च किमतीत मिसळून ग्राहकाकडून वसूल होत होता. डेमिंग यांनी या अपयशातून एक धडा घेतला. अभ्यासक्रम अभियंत्यांनी केले होते, कंपनीच्या प्रमुखांनी नाही. पैसा, यंत्रे, पुरवठादार आणि कामाची पद्धत यांचे निर्णय ज्यांच्या हाती असतात त्यांना पटल्याशिवाय काहीही टिकत नाही.

१९५० मध्ये जपानमध्ये काय घडले?

डेमिंग १९४७ मध्ये जनगणनेच्या तयारीसाठी जपानला गेले होते. देश बेचिराख झाला होता. जपानकडे खनिजे नव्हती, अन्नही पुरेसे नव्हते. ते आयात करायचे तर निर्यात हवी. पण जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू, असे तेव्हा जगाचे मत होते.

जपानी शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या ‘जूस’ या संघटनेने त्यांना १९५० मध्ये व्याख्यानांसाठी बोलावले. अभियंत्यांसाठी आठ दिवसांचा अभ्यासक्रम झाला. मात्र डेमिंग यांना कंपन्यांच्या प्रमुखांशी बोलायचे होते. या संघटनेचे आणि जपानी उद्योग महासंघाचे प्रमुख इचिरो इशिकावा यांनी ती बैठक घडवून आणली.

डेमिंग यांनी फळ्यावर एक साखळी काढली. दर्जा सुधारला की फेरकाम, चुका आणि खोळंबा कमी होतो. त्यामुळे खर्च कमी होतो आणि तीच यंत्रे, तीच माणसे अधिक चांगला माल देतात. मग कमी किमतीत चांगला माल देऊन बाजार मिळवता येतो, धंदा टिकतो आणि रोजगार वाढतो. त्या काळी जवळपास सगळे उलट मानत. चांगला माल हवा तर जास्त पैसे ओता, स्वस्त हवा तर दर्जा सोडा, अशी समजूत होती. डेमिंग यांच्या साखळीने ती मोडली, कारण वाईट माल बनवण्यासाठी आधीच किती पैसे खर्च होत आहेत, हे त्या समजुतीत धरलेच जात नव्हते.

व्याख्यानांच्या छापील प्रतींचे मानधन त्यांनी घेतले नाही. त्या रकमेतून जपानने १९५१ मध्ये डेमिंग पुरस्कार सुरू केला. १९६० मध्ये जपानच्या सम्राटाच्या वतीने त्यांना ‘ऑर्डर ऑफ द सेक्रेड ट्रेझर’ हा सन्मान देण्यात आला.

जपानच्या प्रगतीचे सगळे श्रेय मात्र एकट्या डेमिंग यांना देता येत नाही. जोसेफ ज्युरान १९५४ मध्ये जपानला गेले आणि त्यांनी व्यवस्थापकांना दर्जाचे नियोजन शिकवले. काओरू इशिकावा यांनी क्वालिटी सर्कलची चळवळ उभी केली. शिकलेले रोजच्या कामात उतरवले ते जपानी अभियंते आणि कामगारांनी.

खराब दर्जाचा खर्च मोजतात कसा?

हा हिशेब मांडण्याची रीत डेमिंग यांच्या समकालीनांनी घडवली. ज्युरान यांनी १९५१ च्या आपल्या हँडबुकमध्ये दर्जाच्या अर्थकारणाला स्वतंत्र स्थान दिले. आर्मंड फायगेनबाम यांनी १९५० च्या दशकात खर्चाची वर्गवारी मांडली. आज त्याचे चार भाग मानले जातात. पहिला प्रतिबंधाचा, म्हणजे प्रशिक्षण, यंत्रांची देखभाल, आराखड्याची पडताळणी. दुसरा तपासणीचा. तिसरा अंतर्गत दोषांचा, म्हणजे कारखान्यातच सापडलेल्या खराब मालाचे भंगार आणि रीवर्क. चौथा बाह्य दोषांचा, म्हणजे ग्राहकाकडे पोहोचल्यावर उघड झालेला दोष, वॉरंटी, परत आलेला माल आणि भरपाई.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. एका लघुउद्योगात रोज १,००० सुटे भाग बनतात. प्रत्येकाचा उत्पादन खर्च १०० रुपये, दिवसाची विक्री १ लाख २० हजार रुपये. रोज ४० भाग नापास होतात. त्यातले २० भंगारात जातात, त्यांचे २,००० रुपये. उरलेल्या २० भागांचे रीवर्क प्रत्येकी ३० रुपयांनी होते, त्याचे ६०० रुपये. लाल पेटी पाहणाऱ्याला एवढाच, म्हणजे २,६०० रुपयांचा तोटा दिसतो.

पण दोन तपासनिसांचा रोजचा पगार १,६०० रुपये आहे. शिवाय नजरेतून सुटलेल्या एखाद्या भागामुळे ग्राहक कंपनी सगळी खेप पुन्हा निवडायला लावते. तेथे माणूस पाठवणे, वाहतूक आणि बदली माल मिळून रोज सरासरी ३,००० रुपये जातात असे धरू. एकूण आकडा ७,२०० रुपयांवर जातो, म्हणजे विक्रीच्या ६ टक्के. या उद्योगाचा नफा ८ टक्के, म्हणजे ९,६०० रुपये असेल तर नफ्याच्या तीन चतुर्थांशाएवढी रक्कम रोज खराब मालापायी जाते.

ताळेबंदात हा आकडा एका ओळीत कधीच येत नाही. तो पगार, वाहतूक, वीज आणि कच्चा माल अशा खात्यांत विखुरलेला असतो. फायगेनबाम यांनी याला कारखान्याच्या पोटात लपलेला दुसरा कारखाना म्हटले. त्याचे काम एकच, पहिल्या कारखान्याच्या चुका निस्तरणे. हा लपलेला कारखाना उघडा पाडला की प्रतिबंधावर खर्च करायला मालक तयार होतात, हा या मोजणीचा खरा उपयोग.

मग डेमिंग यांचा आक्षेप कशाला होता?

मोजण्याला त्यांचा विरोध नव्हता, ते स्वतः संख्याशास्त्रज्ञ होते. केवळ दिसणाऱ्या आकड्यांवर कंपनी चालवणे हा त्यांच्या मते घातक रोग होता. वैतागलेला ग्राहक तक्रार न करता दुसऱ्या कंपनीकडे जातो. त्याच्यामुळे न आलेल्या दहा ग्राहकांची नोंद कोणत्या खात्यात करणार? चूक लपवावी लागते अशा भीतीत काम करणाऱ्या माणसाची किंमत कशी काढणार? सर्वात मोठे नुकसान अशा ठिकाणी असते आणि ते अंदाजाने तरी लक्षात घ्यावेच लागते, असे ते सांगत.

दुसरा आक्षेप दोष कोणाचा याबद्दल होता. आपल्या चर्चासत्रांत ते लाल मण्यांचा प्रयोग करत. खोक्यात ४,००० मणी, त्यातले ८०० लाल. ५० खळगे असलेली पट्टी बुडवून प्रत्येक ‘कामगारा’ने ५० मणी काढायचे. पांढरे म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे दोष. खोक्यातच २० टक्के लाल मणी असल्याने सरासरी १० लाल येणार हे उघड आहे. कोणाला ६ येतात, कोणाला १४. डेमिंग साहेबाच्या भूमिकेत शिरत. कमी लाल आणणाऱ्याचे कौतुक, जास्त आणणाऱ्याला तंबी, घोषवाक्ये, शेवटी ‘नालायक’ कामगारांना घरचा रस्ता. प्रेक्षक हसत, पण त्यातल्या व्यवस्थापकांना आपलीच मासिक बैठक दिसत असे. खोक्यात लाल मणी कोणी टाकले, हा प्रश्न त्या बैठकीत विचारला जात नाही.

त्यांच्या अनुभवानुसार सुमारे ९४ टक्के दोषांचे मूळ व्यवस्थेत असते आणि ती बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे असतो. भाकरी करपत असेल तर ती खरवडायला आणखी एक माणूस ठेवण्याऐवजी तव्याखालची आच पाहायला हवी. त्यांच्या प्रसिद्ध १४ सूत्रांत म्हणूनच सरसकट तपासणीवरचे अवलंबित्व संपवा, केवळ कमी दराच्या निविदेवर खरेदी करू नका, भीती घालवा, कामगारांना आकड्यांची टार्गेट देऊ नका, अशा सूचना आहेत. टार्गेट आणि वार्षिक मूल्यमापनाला त्यांचा असलेला विरोध अनेक कंपन्यांना आजही पटत नाही. त्यांचा सल्ला घेणाऱ्यांनीही तो भाग बऱ्याचदा बाजूला ठेवला.

अमेरिकेला डेमिंग केव्हा सापडले?

२४ जून १९८० रोजी एनबीसी वाहिनीवर जपानला जमते ते अमेरिकेला का जमत नाही, हा प्रश्न विचारणारा माहितीपट दाखवला गेला. जपानी मोटारी आणि टीव्ही संचांनी तोवर अमेरिकी बाजार काबीज करायला सुरुवात केली होती. माहितीपटाच्या शेवटच्या भागात ७९ वर्षांचे डेमिंग दिसले. ते वॉशिंग्टनमधल्या आपल्या घराच्या तळघरातून काम करत होते आणि मायदेशात फार थोड्यांना माहीत होते. त्यानंतर त्यांच्याकडे कंपन्यांची रीघ लागली.

त्यात फोर्ड होती. १९८० ते १९८२ या तीन वर्षांत फोर्डला ३ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. कंपनीला तेव्हा एक कोडे पडले होते. तिच्या एका मोटारीचा गिअरबॉक्स ओहायोतील कारखान्यात बनत होता आणि त्याच आराखड्यावरून जपानमध्ये माझ्दाही तो बनवत होती. माझ्दाच्या गिअरबॉक्सच्या तक्रारी आणि वॉरंटीचा खर्च बराच कमी होता. दोन्ही खोलून मोजल्यावर दिसले, की फोर्डचे भाग ठरलेल्या मर्यादेत होते, म्हणजे तपासणीत पास होते. माझ्दाचे भाग मात्र अपेक्षित मापाच्या अगदी जवळ होते. मर्यादेच्या काठावरचे भाग एकमेकांत बसले की थोडा आवाज, थोडी झीज, थोडी गळती वाढत जाते. पास झालेल्या मालालाही किंमत पडते, हे फोर्डला वॉरंटीच्या बिलांतून समजले. १९८६ मध्ये फोर्डचा नफा १९२० च्या दशकानंतर प्रथमच जनरल मोटर्सहून अधिक झाला. त्यामागे नव्या मोटारींपासून खर्चकपातीपर्यंत अनेक कारणे होती. कंपनीने दर्जाकडे वळवलेले लक्ष हे त्यातले एक.

‘आउट ऑफ द क्रायसिस’ हे त्यांचे पुस्तक त्याच दशकात गाजले आणि १९८७ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. नव्वदी ओलांडल्यावरही ते चार दिवसांची चर्चासत्रे घेत होते. २० डिसेंबर १९९३ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारताशी आणि महाराष्ट्राशी संबंध काय?

डेमिंग यांचे गुरू शुहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात आले होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने त्यात पुढाकार घेतला होता. पुढे संस्थेने उद्योगांसाठी दर्जा नियंत्रणाची केंद्रे उभारली. त्यातले पहिले १९५३ मध्ये मुंबईत सुरू झाले. म्हणजे जपान शिकत होता त्याच दशकात हे ज्ञान येथेही आले होते. मात्र परवाना राज आणि बंदिस्त बाजारात स्कूटरसाठी ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत उभा असताना खराब मालाचा खर्च मोजण्याची निकड कोणाला नव्हती. युद्धानंतरच्या अमेरिकेत घडले तेच वेगळ्या कारणाने येथे घडले.

१९९१ नंतर चित्र पालटले. १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटन ही डेमिंग पुरस्कार मिळवणारी पहिली भारतीय कंपनी ठरली. २००३ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या शेती अवजारे विभागाला तो मिळाला. हा मान मिळवणारी ती जगातली पहिली ट्रॅक्टर उत्पादक होती. कांदिवली आणि नागपूर येथे या विभागाचे कारखाने आहेत.

मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपसाठी हा विषय अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण तेथे नफ्याचे प्रमाण कमी आणि खेप परत येण्याची भीती मोठी असते. त्यांना सुरुवातीला महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. भंगार, रीवर्क, तपासणी आणि परत आलेला माल यांचा खर्च महिनाभर एका वहीत रुपयांत लिहिला तरी कोणत्या दोन-तीन दोषांवर सर्वाधिक पैसा जातो हे दिसू लागते. त्यापुढचा प्रश्न डेमिंग यांचा. त्या दोषांचे कारण माणसात आहे की त्याला दिलेल्या यंत्रात, मालात आणि पद्धतीत? हे तपासायचे काम वही लिहिणाऱ्या कामगाराचे नाही, वही वाचणाऱ्या मालकाचे आहे.